लेक 'डीओ' होतेय : लायसन्ससाठी कॉमलेक्स पुरे, की यूएसएमएलईसुद्धा द्यायची?

विचारणारे आईवडील ओहायोत राहतात. दोघंही इंजिनिअर, घरात डॉक्टर कुणी नाही. मुलगी ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे पुढे 'डीओ' (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) होणार, आणि जूनमध्ये तिची कॉमलेक्स लेव्हल १ आहे. कॉमलेक्स ही डीओंची लायसन्सची परीक्षा, तीन लेव्हलची. वर्गातली बरीच मुलं जोडीने यूएसएमएलईचीही (एमडी, म्हणजे अमेरिकेतली डॉक्टरकीची नेहमीची पदवी, घेणाऱ्यांची लायसन्स परीक्षा) तयारी करताहेत, म्हणून घरात धास्ती. लायसन्सला नक्की काय लागतं, दोन्ही परीक्षा द्याव्यात का, एखादी हुकली तर काय, आणि सांगलीची आजी फोनवर विचारते ते, की पोरगी 'पूर्ण' डॉक्टर होणार की नुसती हाडांची, असे चार प्रश्न त्यांनी एका दमात विचारलेत.

मी महाराष्ट्रात एमबीबीएस केलं आणि यूएसएमएलईच्या वाटेने इकडे आले. गेली चौदा वर्षं इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेंट्सना (पदवीनंतर हॉस्पिटलात प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, करणाऱ्या डॉक्टरांना) शिकवते आणि दर सप्टेंबर-ऑक्टोबरात नवे अर्ज वाचायला बसते. आमच्याकडच्या रेसिडेंट्समध्ये साधारण निम्मे डीओ असतात. त्यामुळे या दोन्ही परीक्षांशी माझा रोजचा संबंध आहे.

आधी आजींना उत्तर देऊ, कारण त्यांची शंका अगदी रास्त आहे. आपल्याकडे दवाखान्याच्या पाटीवर 'एम.बी.बी.एस., डी.ओ.' असं दिसलं की ते डोळ्यांचे डॉक्टर असतात. तो नेत्रविज्ञानातला डिप्लोमा. 'ऑस्टिओ' कानावर पडलं की हाडं आठवतात, आणि हाडं म्हटली की कुणाला ऑर्थोपेडिक सर्जन आठवतो, कुणाला गावातला हाडवैद्य. अमेरिकेतला डीओ यांपैकी कुणीच नाही. तो एमडीच्या बरोबरीचा, संपूर्ण अधिकार असलेला डॉक्टर आहे. औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो, बाळंतपणं करतो, आयसीयू सांभाळतो. शिक्षण तसंच चार वर्षांचं, पुढे तशीच रेसिडेन्सी. फरक एवढाच की त्याला पाठीचा कणा, स्नायू, सांधे हातांनी तपासण्याचं आणि हातांनीच उपचार करण्याचं जादा शिक्षण मिळतं. त्याला इथे सगळे 'ओएमएम' म्हणतात. आज अमेरिकेत डॉक्टरकी शिकणाऱ्या दर चार विद्यार्थ्यांत एकाहून थोडे जास्तच या वाटेने चाललेत. आजींना सांगा, पोरगी पूर्ण डॉक्टर होणार.

आता लायसन्स. त्यासाठी कॉमलेक्सच्या तिन्ही लेव्हल पास होणं पुरेसं आहे, पन्नासही राज्यांत. यूएसएमएलईचा उपयोग वेगळा आहे: रेसिडेन्सीच्या काही दारांवर ती विचारली जाते. लायसन्सला काय लागतं आणि निवडीला काय लागतं, हे दोन प्रश्न घराघरात एकमेकांत मिसळतात आणि मग मुलं घाबरून दोन्हीकडे पैसे भरतात. तुम्ही हे दोन प्रश्न शेवटपर्यंत वेगळे ठेवलेत तर अर्धी धास्ती तिथेच कमी होईल.

आपली गफलत होण्याचं कारण आहे. आपल्याकडे एमबीबीएसची परीक्षा विद्यापीठ घेतं, वर्षभराची इंटर्नशिप झाली की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी होते आणि माणूस प्रॅक्टिस करू शकतो. कॉलेजची परीक्षा वेगळी आणि लायसन्सची वेगळी, हा भेद आपल्या अनुभवातच नसतो. पुढे पीजीची नीट येते आणि तिथे सगळा खेळ रँकचा. त्यामुळे 'परीक्षा' म्हटलं की आपल्याला रँक दिसते. कॉमलेक्समध्ये रँक नाही. हा माणूस रुग्णाला हात लावायला सुरक्षित आहे का, एवढंच तिने ठरवायचं असतं.

मग एकाच कामासाठी दोन परीक्षा कशाला? याचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते कळलं की डीओंचा स्वतःच्या परीक्षेबद्दलचा जिव्हाळाही कळतो.

अँड्र्यू टेलर स्टिल हा मिसूरी-कॅन्ससकडचा डॉक्टर. १८६४ साली मेनिंजायटिसने त्याची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. पारा, अफू, जुलाब असली ती औषधं. विश्वास उडाला यात नवल नाही. १८७४ मध्ये त्याने आपला वेगळा विचार मांडला आणि १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं ऑस्टिओपॅथिक कॉलेज काढलं. पुढची कित्येक दशकं एमडी मंडळी डीओंना डॉक्टर मानायलाच तयार नव्हती. डीओंनी स्वतःची हॉस्पिटलं उभी केली, स्वतःच्या रेसिडेन्सी चालवल्या, आणि १९३४ मध्ये स्वतःचं परीक्षा मंडळ स्थापन केलं. आज कॉमलेक्स घेणारं एनबीओएमई ते हेच.

कॅलिफोर्नियाचा किस्सा तर मी दरवर्षी नव्या रेसिडेंट्सना सांगते. १९६२ मध्ये तिथल्या दोन्ही वैद्यकीय संघटना एकत्र आल्या आणि डीओंना सांगण्यात आलं की ६५ डॉलर भरा आणि एमडी पदवी घ्या. सुमारे दोन हजार जणांनी ती घेतली. लॉस एंजेलिसमधलं डीओ कॉलेज रातोरात एमडी कॉलेज झालं. आजचं अर्व्हाइनचं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं मेडिकल कॉलेज त्यातूनच आलंय. आणि राज्यात नव्या डीओंना लायसन्स देणं बंद झालं. ते दार १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उघडलं. ६५ डॉलरमध्ये आपली ओळख पुसली जाऊ शकते हे ज्या व्यवसायाने पाहिलंय, तो स्वतःची परीक्षा सहजासहजी सोडणार नाही. मला हे पूर्ण पटतं. मी त्या परंपरेतली नाही, तरी पटतं.

आता परीक्षांच्या पायऱ्या.

लेव्हल १ साधारण दुसरं वर्ष संपताना होते. शरीरशास्त्र, औषधशास्त्र, पॅथॉलॉजी, सूक्ष्मजीवशास्त्र, सगळा पाया त्यात आला. दिवसभर संगणकासमोर बसून द्यायची. १० मे २०२२ पासून तिचे गुण कळवले जात नाहीत. निकाल फक्त पास किंवा नापास. म्हणून निकालाच्या दिवशी मुलीला 'किती मिळाले?' असं विचारू नका. तिच्याकडे आकडा नसेलच. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या घरांत तो प्रश्न तोंडून आपोआप निघतो, आणि 'पास' म्हणताना पोर उगाच ओशाळते.

लेव्हल २-सीई तिसरं वर्ष संपताना किंवा चौथ्याच्या सुरुवातीला. ही क्लिनिकल परीक्षा आहे: समोर रुग्णाची हकिगत, आता पुढे काय करशील. हिचे गुण मात्र मिळतात, ४०० ला पास, आणि लेव्हल १ मधले गुण गेल्यापासून रेसिडेन्सीवाले सगळं लक्ष या आकड्यावर लावतात. पूर्वी हिच्याबरोबर लेव्हल २-पीई नावाची प्रत्यक्ष परीक्षा होती. रुग्णाची भूमिका करणारी माणसं ठेवलेली असत, आणि त्यासाठी मुलांना फिलाडेल्फियाजवळ किंवा शिकागोला विमानाने जावं लागे. करोनात ती थांबली आणि २०२२ मध्ये कायमची बंद झाली. जुन्या लेखांत तिचा उल्लेख सापडला तर घाबरू नका. ते काम आता कॉलेजकडे आलंय. विद्यार्थ्याला रुग्ण तपासता येतो, याची हमी कॉलेजला द्यावी लागते.

लेव्हल १ आणि लेव्हल २-सीई पास झाल्याशिवाय डीओची पदवीच मिळत नाही. म्हणजे कॉमलेक्स टाळून फक्त यूएसएमएलई देऊ, ही वाट तुमच्या मुलीला मुळात उपलब्ध नाही.

लेव्हल ३ पदवीनंतर, रेसिडेन्सीत असताना. तिथे ३५० ला पास. तिच्यात बहुपर्यायी प्रश्नांबरोबर अशी प्रकरणं असतात जिथे पर्याय दिलेले नसतात. काय तपासणी सांगशील, काय औषध देशील, ते स्वतः लिहायचं. ही पास झाली आणि राज्य मागेल तेवढी रेसिडेन्सी झाली, की पूर्ण लायसन्सचा अर्ज करता येतो. बऱ्याच राज्यांत एक वर्षाची रेसिडेन्सी चालते, काहींत दोन किंवा तीन वर्षं लागतात.

कॉमलेक्समध्ये आणि यूएसएमएलईमध्ये खरा फरक कुठे आहे, हे एका नमुन्यावरून दाखवते. अठ्ठावीस वर्षांची बाई, कंबर दुखतेय. तपासताना कमरेच्या चौथ्या मणक्याचा उजवा आडवा काटा डाव्यापेक्षा वर, म्हणजे पाठीच्या बाजूला, उचललेला लागतो. तिला पुढे वाकवलं की तो फरक वाढतो. मागे वाकवलं की दोन्ही बाजू सारख्या होतात. निदान काय? उजवा काटा मागे आलाय म्हणजे मणका उजवीकडे वळलाय. मागे वाकल्यावर सुटतो म्हणजे तो 'एक्स्टेंडेड', मागे वाकलेल्या स्थितीत अडकलेला. आणि एकच मणका अडकलेला असताना वळण आणि कलणं एकाच बाजूला असतं, हा ऑस्टिओपॅथीतला फ्रायेटचा दुसरा नियम, म्हणून कलही उजवीकडेच. उत्तर: एल-४, एक्स्टेंडेड, रोटेटेड राइट, साइडबेंट राइट. ज्याने शंभर पाठी हाताखालून घातल्यात त्याला याला अर्धा मिनिट लागतं. ज्याने फक्त यूवर्ल्डचे (यूएसएमएलईच्या तयारीचा प्रश्नसंच) प्रश्न सोडवलेत तो इथे पाच मिनिटं घालवतो आणि चुकतो. अपेंडिक्स बिघडल्यावर उजव्या बाराव्या फासळीच्या टोकाशी दुखरा ठिपका शोधायचा, हृदयाचा त्रास छातीच्या वरच्या मणक्यांच्या आजूबाजूला स्नायूंत उमटतो, असलं बरंच काही यात येतं. यूएसएमएलईत यातलं काहीच नसतं.

आमच्या वॉर्डात न्यूमोनियाची एक वयस्क बाई होती. राउंड संपल्यावर आमची डीओ रेसिडेंट तिच्या पलंगाशी परत गेली. दोन्ही हातांचे तळवे तिच्या पाठीखाली सरकवले आणि बोटांच्या पेरांनी फासळ्या हळूहळू वर उचलत राहिली, पाच-सात मिनिटं. अँटिबायोटिक चालूच होतं, ऑक्सिजन चालूच होता. बाई म्हणाली, आज पहिल्यांदा कुणीतरी मला नीट हात लावला. हे शिक्षण मुलीने परीक्षेपुरतं घोकून टाकू नये असं मला मनापासून वाटतं. चार वर्षं शिकून हात तयार झालेले असतात.

आता यूएसएमएलईकडे वळू, कारण खरा पेच इथेच आहे.

२०१५ ते २०२० या काळात डीओंच्या वेगळ्या रेसिडेन्सी आणि एमडींच्या रेसिडेन्सी एकाच छत्राखाली आणल्या गेल्या. २०२० पासून मॅच, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागांचं देशभराचं वाटप, तेही एकच. डीओ आणि एमडी एकाच रांगेत उभे राहतात. ही चांगली गोष्ट झाली. २०२४ च्या मॅचमध्ये एमडीच्या शेवटच्या वर्षाच्या ९३.५ टक्के मुलांना जागा मिळाल्या आणि डीओच्या ९२.३ टक्के. पण यातून एक अडचण आली. रेसिडेन्सीच्या ज्या प्रोग्रामनी आयुष्यभर यूएसएमएलईचे आकडे वाचले, त्यांना कॉमलेक्सचा आकडा वाचता येत नाही. ४०० आणि ६०० मधला फरक त्यांच्या हाताला लागत नाही. मग ते सरळ यूएसएमएलई मागतात, किंवा त्याहून वाईट, न मागता चाळणी लावतात.

चाळणी कशी लागते हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. काही वर्षांपूर्वी, मी तेव्हा ज्या ठिकाणी होते तिथे, दोन हजारांवर अर्ज आले होते. वाचणारे आम्ही सहाजण. कुणीतरी संगणकावर स्टेप २ च्या (यूएसएमएलईच्या तीन टप्प्यांना स्टेप म्हणतात, दुसरा क्लिनिकल) चौकटीत एक आकडा भरला, त्याखालचे सगळे बाजूला गेले, आणि उरलेले आमच्यात वाटले गेले. ऑगस्टमध्ये आमच्याकडे चार आठवडे रोटेशन (विद्यार्थ्याने वॉर्डात राहून काम शिकण्याची पाळी) करून गेलेली एक डीओ मुलगी होती. रात्री अकराला परत येऊन रुग्णाचं पोटॅशियम बघून जाणारी. मी तिचा अर्ज शोधते आहे, तो सापडेना. चौकट रिकामी होती म्हणून यंत्राने तिला शून्य धरलं होतं. तिच्या कॉमलेक्सला आमच्या निम्म्या उमेदवारांपेक्षा चांगले गुण होते. मी आरडाओरडा करून तिचा अर्ज परत आणवला आणि पुढच्या वर्षी ती चाळणी बदलायला लावली. पण माझ्या ओळखीची होती म्हणून ती सापडली. ओळखीच्या नसलेल्या किती गेल्या असतील, याची रुखरुख मला अजून आहे. परीक्षा डीओच्या लायसन्ससाठी देशभर मान्य आहे, आणि तरी रेसिडेन्सीचा संगणक ती वाचत नाही, हा अन्याय आहे, आणि तो दूर करण्याची जबाबदारी प्रोग्रामची आहे, विद्यार्थ्यांची नाही. पण मुलीचा अर्ज जाईपर्यंत सगळं जग सुधारेल या भरवशावर तुम्हाला सल्ला देता येत नाही.

म्हणून माझा सल्ला मुलीला काय व्हायचंय यावर अवलंबून आहे. फॅमिली मेडिसिन, बालरोग, किंवा डीओंना वर्षानुवर्षं घेणारे इंटर्नल मेडिसिनचे प्रोग्राम मनात असतील, तर कॉमलेक्स बहुधा पुरेल आणि दुसऱ्या परीक्षेवरचा वेळ लेव्हल २ वर घालवलेला बरा. ऑर्थोपेडिक्स, त्वचारोग, न्यूरोसर्जरी, ईएनटी, किंवा मोठ्या विद्यापीठांचे प्रोग्राम मनात असतील, तर यूएसएमएलई स्टेप २ सीके द्यावी. स्टेप १ बद्दल मी आता फारसा आग्रह धरत नाही. तीही २६ जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास आहे. तिच्यातून आकडा मिळत नाही, म्हणजे मिळवायचं थोडं आणि घालवायचं पुष्कळ. स्टेप १ न देता थेट स्टेप २ देता येते. काही प्रोग्राम दोन्ही मागतात, म्हणून तिला हव्या असलेल्या वीसेक प्रोग्रामची पानं उघडून वाचायला लावा. अटीपेक्षाही तिथे सध्या असलेल्या रेसिडेंट्सची नावं बघा. नावापुढे डीओ किती आहेत ते मोजा. लिहिलेल्या धोरणापेक्षा ती मोजणी जास्त खरं सांगते. शंका उरली तर प्रोग्रामच्या कोऑर्डिनेटरला दोन ओळींची ईमेल करावी. कोऑर्डिनेटर उत्तर देतात.

दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अनेकांना काय व्हायचंय ते माहीत नसतं, आणि ते ठीक आहे. अशा वेळी स्टेप १ सोडून द्यायची, तिसऱ्या वर्षाची रोटेशन्स मन लावून करायची, आणि स्टेप २ चा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये घ्यायचा. लेव्हल २ आणि स्टेप २ चा अभ्यास बराचसा एकच आहे. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन्ही द्याव्यात, मधल्या दिवसांत ओएमएमची उजळणी करावी. निकाल यायला काही आठवडे लागतात आणि अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस प्रोग्रामच्या हाती पडतात, तेव्हा जुलैच्या पुढे ढकलू नये.

एक गोष्ट फार काळजीपूर्वक समजून घ्या. दोन्ही परीक्षांची सरमिसळ करून लायसन्स काढायची आशा धरू नये. लेव्हल १, स्टेप २ आणि लेव्हल ३ अशी मोट बांधता येत नाही. लायसन्ससाठी एक माळ पूर्ण ओवलेली लागते. आणि स्टेप ३ ला बसायचं तर आधी स्टेप १ आणि स्टेप २ दोन्ही पास हव्यात. त्यामुळे जिने फक्त स्टेप २ दिली, तिने ती अर्जापुरती दिली असं समजायचं, आणि लायसन्स कॉमलेक्सच्याच तिन्ही लेव्हलवर काढायचं.

नापास होण्याबद्दल तुम्ही विचारलंत, तर त्याचंही स्पष्ट सांगते. कॉमलेक्सच्या प्रत्येक लेव्हलला जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात, जुलै २०२२ पासून. यूएसएमएलईच्या प्रत्येक स्टेपलाही चारच. एक प्रयत्न गेला म्हणून डॉक्टरकी जात नाही. पण तो दिसतो. यूएसएमएलईचा ट्रान्सक्रिप्ट प्रोग्रामला पाठवला की त्यात सगळे प्रयत्न येतात. पास झालेला दाखवायचा आणि नापास झालेला झाकायचा, असं करता येत नाही.

आमच्याकडे रोटेशनला आलेला एक मुलगा होता. वर्गातले सगळे देताहेत म्हणून त्याने लेव्हल १ नंतर आठ दिवसांनी स्टेप १ दिली. सराव परीक्षेत तो काठावर होता, त्याला ते माहीत होतं, पण फी भरलेली होती. लेव्हल १ पास झाला, स्टेप १ नापास. त्याला करायचं होतं फॅमिली मेडिसिन. त्याला ज्या गावात जायचं होतं तिथल्या प्रोग्रामने यूएसएमएलई कधी मागितलीच नव्हती. त्या एका निकालाने त्याचं अख्खं तिसरं वर्ष खाल्लं. रुग्णाबद्दल त्याला प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मान खाली जायची. शेवटी त्याला हवी तीच जागा मिळाली, आज तो उत्तम डॉक्टर आहे. पण ते वर्ष त्याने विनाकारण सोसलं.

त्यामुळे जूनची तारीख पवित्र मानू नका. कॉलेज कोमसे नावाची सराव परीक्षा घेतं. मे महिन्यात तिच्यात पुरेसं अंतर राखून पास होत असेल तर जाऊ द्या. काठावर असेल तर तारीख दोन-तीन आठवडे पुढे ढकलायला कॉलेजशी बोलावं, पहिलं रोटेशन पुढे सरकवता येतं. तयारी नसताना दिलेली परीक्षा महिनाभराच्या उशिरापेक्षा कितीतरी महाग पडते. आणि घरी या दिवसांत 'अभ्यास कसा चाललाय' हा प्रश्न रोज फोनवर नको. भाजी-पोळी करून फ्रीजरमध्ये घालून द्या, एवढं केलंत तरी पुष्कळ.

लायसन्स कोण देतं याबद्दल. केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्य देतं. ओहायोत आणि न्यू जर्सीत एमडी-डीओ दोघांचं एकच बोर्ड आहे. कॅलिफोर्निया, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा, ॲरिझोना इथे डीओंचं बोर्ड वेगळं आहे. पुढे मुलगी राज्य बदलेल तेव्हा तिने आधी हे बघावं की अर्ज कुठल्या बोर्डाकडे जातो. अनेक राज्यांनी मिळून एक करार केलाय, इंटरस्टेट मेडिकल लायसन्शर कॉम्पॅक्ट. त्यातून दुसऱ्या राज्याचं लायसन्स लवकर मिळतं. पण त्याची एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे: परीक्षेचा प्रत्येक टप्पा जास्तीत जास्त तीन प्रयत्नांत पास झालेला असला पाहिजे. परीक्षा मंडळ चार प्रयत्न देतं, पण चौथ्यात पास झालेल्याला ही जलद वाट बंद. हे मुलांना कुणी सांगत नाही, आणि टेलिमेडिसिन करणाऱ्यांना किंवा नवऱ्याच्या-बायकोच्या नोकरीमुळे राज्य बदलणाऱ्यांना दहा वर्षांनी कळतं.

लायसन्स मिळाल्यावर ते ठराविक काळाने नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी शिक्षणाचे तास भरावे लागतात. मूल झालं, आजारपण आलं, काही वर्षं प्रॅक्टिस सुटली, तर राज्य पुन्हा क्षमता सिद्ध करायला सांगू शकतं. डीओंसाठी त्याकरता कॉमवेक्स नावाची वेगळी परीक्षा आहे. लेव्हल १ पासून सगळं परत द्यायला लागत नाही. मधे खंड पडलेल्या दोन मैत्रिणींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की परतीची वाट आहे.

भारतात याचा उपयोग काय, हेही तुम्ही ओघात विचारलंय. कॉमलेक्स पास झाल्याने महाराष्ट्रात नोंदणी मिळत नाही. तिथे परदेशी पदवीचे नियम नॅशनल मेडिकल कमिशनचे, आणि परदेशी पदवीधरांना एफएमजीई ही वेगळी चाळणी परीक्षा असते. पुढेमागे मुलीला तिकडे काम करायची इच्छा असेल तर तिने स्वतःच्या नागरिकत्वाचा आणि पदवीचा तपशील देऊन कमिशनकडून लेखी उत्तर घ्यावं, कुणाच्या तोंडी ऐकलेल्यावर जाऊ नये. उलट दिशेने विचारणारेही बरेच असतात, म्हणून सांगते: पुण्या-मुंबईत एमबीबीएस झालेल्यांना कॉमलेक्स देता येत नाही. त्यांची वाट ईसीएफएमजी (परदेशी वैद्यकीय पदवीधरांना प्रमाणपत्र देणारी अमेरिकी संस्था) आणि यूएसएमएलई हीच. आणि इंग्लंडमध्ये 'ऑस्टिओपॅथ' म्हणवणारे डॉक्टर नसतात. तिथे तो स्वतंत्र व्यवसाय आहे, १९९३ च्या कायद्याखाली त्याची वेगळी कौन्सिल आहे. लंडनच्या मामांनी 'अगं ते मालिश करणारे' असं म्हटलं असेल तर ते त्यांच्या देशापुरतं बोलताहेत. अमेरिकेच्या डीओला इंग्लंडची जनरल मेडिकल कौन्सिलही डॉक्टर म्हणूनच बघते.

आता या आठवड्यात काय करायचं तेवढं सांगते. मुलीला कॉलेजच्या क्लिनिकल एज्युकेशनच्या ऑफिसात दोन गोष्टी विचारू द्या: लेव्हल १ देण्याची शेवटची मुदत कोणती, आणि त्यासाठी कोमसेत किती गुण लागतात. स्टेप १ ची फी अजून भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर रद्द करण्याची किंवा तारीख बदलण्याची मुदत कधी संपते ते आजच बघा, कारण परीक्षेचा दिवस जवळ येईल तसे त्याचे पैसे वाढत जातात.